खताच्या डायरीतलं इंग्रजी

घाटंजीत, चक्कीच्या मागच्या खोलीत,
संध्याकाळी सात ते साडेआठ.
भिंतीपलीकडे ज्वारी दळली जात असते,
म्हणून माझं व्याकरण जरा ओरडूनच असतं.

प्रश्न डायरीत लिहायचे, असा नियम केलाय.
डायरी कृषी केंद्राने फुकट दिलेली, दोन वर्षं जुनी,
प्रत्येक पानाच्या तळाशी फवारणीचा सल्ला.

एकोणीस जुलैच्या पानावर तुळशीदास पेंदोर:
‘बॉरो अन् लेंड, यातला देनारा कोनता?
आपल्याकडं उसनं म्हनलं की भागते.’
मी उत्तर लिहिलं, बाण काढले, इकडून तिकडे.
त्याने खाली लिहिलं,
‘समजलं. पन वाटी तं तीच हाये.’

रत्नमालाचा भाऊ परवा गेला, बहीण परवा येणार.
एवढ्याशा परव्याला तिकडे दोन मालगाड्या,
डे बिफोर यस्टर्डे, डे आफ्टर टुमारो,
डबे मोजता मोजता तिचं वाक्य फाटकातच अडकतं.

‘द’ कुठं लावायचा, हे रोज निघतं.
मी सांगते, जे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला
दोघांनाही ठाऊक आहे, त्याला.
अफरोज म्हणतो, मॅडम, या गावात
असं काय हाये जे दोघाइले ठाऊक नाई?
आपल्या इथं सगळ्यालेच द.

वच्छलाबाई ढोके मेस चालवतात, वय बावन्न.
त्या लिहीत नाहीत, उभ्या राहून विचारतात.
‘आय ॲम अँग्री. म्हंजे मीच राग?
मले तं राग येते, मॅडम.
येते, ओट्यावर बसते, चाल्ला जाते.
अन् भूक लागते. म्या काही भूक नाई.’

मी फळ्याकडे तोंड केलं.
थंडी वाजते, आठवण येते, झोप लागते,
माणूस आपला बसलेला, आणि सगळं त्याच्याकडे चालत येतंय.
तिकडे मात्र ज्याचं त्यानेच व्हायचं,
उपाशी, गार, संतापलेलं.
हे कुठल्या धड्यात आहे, मला माहीत नाही.
यवतमाळला बी.ए. केलं तेव्हा
असं कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.
पाठ करा, मी म्हटलं.
खडूचा तुकडा उगाच दोनदा बदलला.

‘यू’ मात्र सगळ्यांना आवडला.
सासूलाही यू, तहसीलदारालाही यू,
तुळशीदास म्हणाला, बैलालेही?
बैलालाही.
वच्छलाबाईंनी तो वहीत चारदा लिहिला,
चौथ्यांदा जरा मोठा.
घरी तेहतीस वर्षं ते तू म्हणतात, या तुम्ही.

मागच्या आठवड्यात गृहपाठ दिला,
घरच्या कोणाशी तरी एक वाक्य बोला, खरं वाक्य.
बहुतेकांनी थँक यू म्हणून वेळ निभावली.
रत्नमालाने कोंबड्यांना गुड मॉर्निंग केलं.

वच्छलाबाई काल बसायच्या आधीच बोलू लागल्या.
सकाळी हे चप्पल घालत होते,
म्या म्हनलं, व्हेअर आर यू गोइंग?
थांबले ते.
त्याइले इंग्रजी येत नाई, मॅडम, ए बी सी बी नाई.
माह्याकडं पाह्यलं, चप्पल काढली,
खाटेवर टेकले,
दोन घोट पानी प्याले, मंग निघाले.

खोली हसली. तेवढ्यात लाइट गेली,
चक्की घरघरत थांबली,
आणि पिठाच्या वासात, अंधारात, त्यांचा आवाज
आता ओरडावं लागत नव्हतं म्हणून अगदी हळू:

‘मंग मॅडम,
इंग्रजीतलं कुठं बी आडवं जाते का?’